पावणेआठ टक्के

सोमवार, २० जानेवारी १९८६

कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमची टेप आली एकदाची. मुंबईहून, लाकडी खोक्यात, वर लाल अक्षरांत ‘चुंबकापासून दूर ठेवा’. शिपायाने ती नेमकी पाण्याच्या पंपाच्या मोटारीशेजारी ठेवली होती. मी धावतच गेले.

आमच्या प्रमुखांनी, डॉ. पांढरीपांडे सरांनी, लगेच बोलावलं. दहा मार्चला मंत्री येणार, कॉम्प्युटरचं उद्घाटन करणार. त्या दिवशी त्यातून खऱ्या पेशंटचा कागद निघाला पाहिजे, नुसते लुकलुकणारे दिवे दाखवायचे नाहीत, असं म्हणाले. मी ‘हो सर’ म्हटलं. आमच्या कॅन्सर हॉस्पिटलात फोर्ट्रान ही कॉम्प्युटरची भाषा येणारी मी एकटी, आणि मलाही डिप्लोमाच्या वेळी मुंबईला चार महिने शिकवलं तेवढंच येतं.

हा कॉम्प्युटर इतवारीच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याने आईच्या नावाने दिला. त्याची आई आमच्याच रांगेत होती. शेक, म्हणजे किरणांचा उपचार, सुरू व्हायच्या आधी गेली. कोबाल्टचं मशीन दुपारभर रिकामं असतं आणि बाहेर माणसं पाच-पाच आठवडे थांबतात, कारण कोणाला किती मिनिटं शेक द्यायचा याचं गणित हाताने करायला अर्धा दिवस लागतो. ते करणाऱ्या आम्ही दोघी. मी, आणि माझ्या वरच्या यमुताई. त्या एकवीस वर्षांपासून हेच करतात.

टेप दाखवली तर त्या म्हणाल्या, “चालू झालं की सांग.” एवढंच. वर पाहिलंही नाही.

बुधवार, २९ जानेवारी

कंपनीचा इंजिनीयर विश्वनाथ येऊन गेला. टेप वाचली गेली. एकसष्ट फायली. साठ फोर्ट्रानमध्ये, म्हणजे माणसाला वाचता येतील अशा. त्या आपल्या मशीनच्या भाषेत उतरवायच्या, मग सगळे तुकडे जोडायचे, की प्रोग्रॅम तयार. एकसष्टावा तुकडा मात्र आधीच मशीनच्या भाषेत उतरवलेला आला आहे. त्याचा मूळ मजकूर नाही. अमेरिकेतल्या कोण्या विद्यापीठात तो तयार झाला, तिथून मुंबईला, मुंबईहून आमच्याकडे. मी विश्वनाथला विचारलं, आत काय आहे? तो म्हणाला, तारखा-बिरखा, किरकोळ कामं असतात मॅडम, जोडून टाका.

मॅन्युअल म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. उजवीकडची कड सगळीकडे कापलेली.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

दोनशे बारा चुका. मशीनने एका दमात छापून दिल्या. कागद टेबलावरून खाली जमिनीपर्यंत.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

एकशे चाळीस. फोर्ट्रान मशीनच्या भाषेत उतरवणारा आमचा कंपायलर जुना, प्रोग्रॅम नव्या पद्धतीने लिहिलेला. त्याला समजेल असं एकेक वाक्य मोडून पुन्हा लिहून राहिले आहे. डोळे मिटले तरी ओळींचे नंबर दिसतात. गेल्या आठवड्यात आई म्हणाली, लग्नाचं बोलायला पाहुणे येणार तर रविवारी तरी घरी राहा. राहिले. पाहुण्यांनी कॉम्प्युटरबद्दलच विचारलं. चहा देऊन मी आत गेले, ती परत आलेच नाही. आई रागावली आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

चुका संपल्या, आता जोडणी होईना. मशीन म्हणतं, एक तुकडा सापडत नाही. कोणता, ते नाव सहा अक्षरांत तोडून सांगतं.

त्यात यमुताई. मी टर्मिनलसमोर डोकं धरून बसले असताना हाक मारतात, “चारु, जरा इकडे ये, तक्त्यातला आकडा वाच.” पुस्तक त्यांच्याच हातात! मी तिथे उभी राहून आकडे वाचायचे आणि त्यांनी खिडकीशी बसून लिहून घ्यायचे. असं दिवसातून चार-पाचदा. मी डिप्लोमा घेतलेली फिजिसिस्ट आहे, त्यांची कारकून नाही. कॉम्प्युटर आल्यापासूनच हे जास्त झालं आहे. एकवीस वर्षांची गादी हलते आहे, मला समजतं ते. तरी वागण्याची ही काय रीत?

बुधवार, १९ फेब्रुवारी

वीज गेली. स्टॅबिलायझर ओरडत राहिला आणि तीन दिवसांचं काम डिस्कवरून पुसलं गेलं. काही लिहीत नाही.

बुधवार, २६ फेब्रुवारी

चाललं!

हरवलेला तुकडा मीच लिहिला, तीस ओळींचा. अकरा वाजून वीस मिनिटांनी जोडणी झाली. टेपसोबत नमुन्याची बारा उदाहरणं होती, उत्तरांसकट. बाराही उत्तरं तिसऱ्या दशांशापर्यंत जुळली. मी एकटीच कॉम्प्युटरच्या एसीच्या खोलीत टाळ्या वाजवल्या.

दुपारी कोबाल्टच्या मशीनची माहिती भरली. त्यातला किरणं देणारा कोबाल्टचा गोळा दर महिन्याला शेकडा एकाहून थोडा जास्त थकतो, आणि तो जसा थकतो तशी शेकाची मिनिटं वाढवावी लागतात. म्हणून गोळा बसवला त्या दिवशीची ताकद आणि त्या दिवसाची तारीख एकदाच द्यायची. मी ताकद तीनदा तपासून भरली आणि तारीख ४/११/८३. शेकाच्या दिवसासाठी तारीख लागत नाही, वर्षातला कितवा दिवस तो आकडा द्यायचा; पुढचं सगळं तो स्वतः काढतो.

यमुताईंना सांगायला गेले. त्यांनी माझा हात धरला आणि धरूनच ठेवला. म्हणाल्या, “आता तपासून घे. नीट तपास, घाई करू नकोस.” कौतुकाचा एक शब्द नाही.

सोमवार, ३ मार्च

तपासलं. यमुताईंनी या दोन महिन्यांत केलेले सहा पेशंटचे कागद घेतले आणि तेच आकडे मशीनला दिले. मशीन दर वेळी जास्त मिनिटं सांगतं. शेकडा ७.७, १.६, ७.८, १४.२, ७.६, ४.३ जास्त.

थोडी घाबरले. मग शांत डोक्याने विचार केला. हा प्रोग्रॅम शरीराच्या आत विखुरणाऱ्या किरणांचा हिशेब आमच्या तक्त्यांपेक्षा बारकाईने करतो. पेशंट जाड-बारीक असेल तसा फरक कमीजास्त येणारच. नमुन्याची बारा उदाहरणं तर बरोबर आली. खरी ताकद मोजणारं मीटर डिसेंबरपासून मुंबईला दुरुस्तीला आहे, ते एप्रिलमध्ये येईल. तोवर मोजून पाहायचा मार्ग नाही.

सरांना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी यमुताईंना विचारलं. त्यांनी आपले सहा कागद गोळा करून टाचणी लावली. मग म्हणाल्या, माझ्या आकड्यांवरून हिच्या मशीनला वाईट म्हणता येणार नाही. सर म्हणाले, म्हणजे हरकत नाही ना? त्यांनी मान हलवली. हो का नाही, ते मला नीट कळलं नाही. सरांनी हो धरलं.

सोमवार, १० मार्च

उद्घाटन झालं. मंत्री दीड तास उशिरा आले. बटण दाबलं, प्रिंटर खडखडला, नऊ सेकंदांत कागद बाहेर. टाळ्या. उद्याच्या पेपरात फोटो येणार. मी निळी साडी नेसले होते, फोटोत अर्धा हात तरी येईल.

कागद होता पुष्पलताबाईंचा. पारशिवनीजवळच्या गावच्या, गर्भाशयाचा कॅन्सर. नवरा नत्थूजी सुतारकाम करतात. दोघं धर्मशाळेत उतरले आहेत. उद्यापासून पंचवीस शेक. जुन्या पद्धतीने त्यांचा नंबर एप्रिलमध्ये लागला असता.

शुक्रवार, १४ मार्च

चार दिवसांत चौदा जणांचे कागद. चौदा! नवे कागद आता चोवीस तारखेपासून, तोवर टेक्निशियन शेकाच्या वेळा बसवतील. बाहेरच्या बाकड्यावर पहिल्यांदा जागा रिकामी दिसली. सर मला पाहून हसतात. नत्थूजी जाता-येता हात जोडतात, ते आवडत नाही, पण आवडतंसुद्धा.

यमुताई आपल्या खिडकीपाशी बसून माझेच कागद हाताने पुन्हा करत असतात. मला कळू नये म्हणून वर दुसरी फाईल ठेवतात.

बुधवार, १९ मार्च

आज वाईट झालं. यमुताई एसीच्या खोलीत आल्या आणि दार लावून घेतलं. म्हणाल्या, “चारु, मला तुझे कागद पटत नाहीत. सगळे जास्तीकडे झुकतात. तू एकदा हाताने करून बघ. माझं धरू नकोस, तू स्वतः कर. तक्ता तू वाच, लिही तू, गुणाकार तू.”

मी म्हणाले, नमुन्याची उदाहरणं जुळली आहेत, सरांनी मान्य केलं आहे, तुम्ही स्वतः मान हलवलीत. आणि नको ते बोलून गेले. म्हणाले, यमुताई, मशीन आल्यामुळे तुमचं काम जातं म्हणून हे चाललं आहे.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या थोडं डावीकडे पाहिलं. “माझं काम जातंच आहे गं,” म्हणाल्या, “त्याचं सोड. सहाच कागद कर.”

एवढा राग कशाचा येतो आहे मला? बरोबर असते तर आला नसता.

गुरुवार, २० मार्च

हे लिहून ठेवलंच पाहिजे, क्रमाने.

सकाळी सातला गेले. तक्ते, कॅल्क्युलेटर, तेच सहा जुने कागद. यमुताईंची उत्तरं झाकली आणि पहिल्या ओळीपासून स्वतः केलं. एक वाजेपर्यंत सहाही झाले. मग मशीनची उत्तरं शेजारी मांडून फरक काढला. ७.७. ७.७. ७.७. ७.८. ७.७. ७.७.

सगळीकडे सारखा.

तिथेच बसून राहिले. विखुरणाऱ्या किरणांचा फरक असता तर जाडजूड माणसाचा वेगळा आणि बारक्या म्हातारीचा वेगळा आला असता. सर्वांचा सारखा म्हणजे चूक पेशंटच्या अंगात नाही, सर्वांसाठी एकदाच भरलेल्या आकड्यात आहे. असे आकडे दोनच. ताकद आणि तारीख. ताकद पुन्हा पाहिली, बरोबर. तारीख पाहिली, बरोबर. मग सहज म्हणून तारीख बदलून ५/५/८४ केली आणि हातानेही त्याच तारखेने केलं. दोन्ही उत्तरं तंतोतंत जुळली. ५/५ ला जुळतं, ४/११ ला जुळत नाही. पाच-पाच उलटं वाचलं तरी पाच-पाचच.

११/४/८३ टाइप केलं. पुष्पलताबाईंच्या कागदावर ३.३६ मिनिटं होती. आता आलं ३.१२. हाताने केलेल्याइतकं.

अमेरिकेत आधी महिना लिहितात. त्या बंद तुकड्याने आमच्या चार नोव्हेंबरला अकरा एप्रिल वाचलं. त्याच्या लेखी आमचा गोळा सात महिने जास्त म्हातारा, म्हणून तो प्रत्येकाला पावणेआठ टक्के शेक जास्त देत होता. मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल. त्या कापलेल्या कडेत असेल.

घड्याळात दोन दहा. मी कोबाल्टच्या खोलीकडे धावले. चौदापैकी अकरा जणांचा आजचा शेक झाला होता. पुष्पलताबाई सकाळीच होऊन गेल्या होत्या, त्यांचा आठवा. बारावा पेशंट टेबलावर झोपलेला, दार बंद होत होतं. मी टेक्निशियनला म्हटलं, थांबवा. तो म्हणाला, मॅडम, सरांची चिठ्ठी? मी म्हटलं, कागद माझ्या सहीचा आहे, मी परत घेते. माणसाला उठवून बाहेर बसवलं. त्याने विचारलं, झालं का? मी हो म्हणाले. का म्हणाले, माहीत नाही.

मग यमुताईंकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, बोटांवर महिने मोजले. “सात महिने. पावणेआठ. बरोबर,” म्हणाल्या. मग विचारलं, “आणि माझे सहा?”

मला वाटलं होतं, हे त्या विचारणार नाहीत. त्यांच्या सहापैकी तीन कागद चुकलेले आहेत. दोन ठिकाणी तक्त्यातल्या इंग्रजी तीनाचा आठ किंवा आठाचा तीन झाला आहे, तिसऱ्यात एक ओळ खालची धरली आहे. म्हणून तर तीन मार्चला फरकांत ताळमेळ दिसला नव्हता. त्यांचे सहाही बरोबर असते तर मला त्याच दिवशी कळलं असतं.

हे सगळं मी बोलले नाही. फक्त म्हटलं, “तीन बरोबर आहेत.”

“आणि तीन नाहीत,” त्या म्हणाल्या. “कोणाचे?”

एकाचे शेक संपले आहेत. दुसरी बाई घरी गेली. तिसरे धोंडबा, घशाचा कॅन्सर, अजून येतात. त्यांना शेकडा सहा कमी मिळून राहिलं आहे.

“दोन वर्षं झाली,” यमुताई म्हणाल्या. “उजव्यात मोतीबिंदू पिकला आहे आणि डाव्यात उतरून राहिला. वाटलं, मशीन येईपर्यंत निभेल.”

मी फेब्रुवारीतली माझी पानं आठवत बसले. आकडे वाच म्हणायच्या, आणि मी काय लिहिलं होतं त्यावर.

शुक्रवार, २१ मार्च

आज सगळ्यांचे शेक बंद ठेवले, मशीनची तपासणी आहे म्हणून. सकाळी आम्ही दोघी सरांकडे गेलो.

सरांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत, ते जास्त कठीण गेलं. म्हणाले, सगळ्यात आधीच्यांनाही आठ शेकांत मिळून अर्ध्या शेकाहून थोडंच जास्त गेलं आहे, राहिलेल्यांतून कापून टाका. केसपेपरवर लिहिण्याची गरज नाही.

मी म्हटलं, पुढेमागे कोणाला आतड्याचा त्रास झाला तर बघणाऱ्या डॉक्टरला हे माहीत असलं पाहिजे. आणि पेशंटला सांगितलं पाहिजे.

“चारुशीला,” ते म्हणाले, “हे उद्या पेपरात येईल. ज्या पानावर मंत्र्यांचा फोटो होता त्याच पानावर. मग गावोगावची माणसं शेक घ्यायला येणारच नाहीत. घरी बसून मरतील. त्यांची मोजदाद तुम्ही कोणत्या कागदावर करणार?”

ते खोटं बोलत नव्हते.

तेव्हा यमुताईंनी पर्समधून एक कागद काढून टेबलावर ठेवला. मोठ्या मोठ्या अक्षरांत, लहान मुलं लिहितात तशा. त्यात त्यांच्या तीन चुका, पेशंटची नावं, तारखा आणि खाली सही. शेवटी एक ओळ, की दोन वर्षांपासून मला नीट दिसत नाही आणि मी ते लपवलं.

सरांनी तो दोनदा वाचला. मग कपाटातून एक फाईल काढून माझ्यापुढे सरकवली. यमुताईंचे तीन अर्ज. पहिला ऑगस्ट चौऱ्याऐंशीचा. गणितात माणसाच्या हातून चूक राहू नये म्हणून हॉस्पिटलने कॉम्प्युटर घ्यावा, अशी विनंती. व्यापाऱ्यालाही त्याच भेटल्या होत्या, तो काय देऊ म्हणून विचारायला आला तेव्हा. हे मशीन यमुताईंनी मागितलेलं आहे.

यमुताई म्हणाल्या, “सर, माझं लिहायचं आणि मशीनचं लिहायचं नाही, असं होत नाही.”

सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. बाहेर रांग होतीच. तिथूनच म्हणाले, दोन्ही लिहा. पेशंटना तुम्ही सांगा. कोणी विचारायला आलं तर माझ्याकडे पाठवा, मी आहे.

रविवार, २३ मार्च

काल आणि आज चौदा कागद हाताने केले, शिवाय धोंडबांचा. मी वाचते आणि गुणते, यमुताई ऐकतात. आकडा ऐकला की बरोबर की चूक, हे त्यांना कळतं. मी एक आकडा चुकीचा वाचला तर पुस्तक न पाहता म्हणाल्या, “तो बहात्तर पॉइंट चार असायला पाहिजे, पुन्हा बघ.” बहात्तर पॉइंट चारच होता.

मंगळवार, २५ मार्च

काल दिवसभर केसपेपर लिहिले आणि सांगायला सुरुवात केली. शेक आजपासून पुन्हा सुरू. धोंडबांना यमुताईंनी स्वतः सांगितलं, मी दाराशी होते. ते म्हणाले, बाई, कमीच देल्ला ना, मंग आता पुरा करा. एका पेशंटचा मुलगा माझ्यावर ओरडला आणि सरांच्या खोलीत गेला. अर्ध्या तासाने बाहेर आला, माझ्याकडे न पाहता निघून गेला. आज वडिलांना घेऊन आला नाही.

नत्थूजींना सकाळी सांगितलं. बाहेर नळाजवळच्या कट्ट्यावर. मी बरेच शब्द वापरले. ते शांत ऐकत होते, मग म्हणाले, “म्हंजे पट्टीच चुकीची होती तुमची.”

“हो.”

“मंग एकटीचं नसंन चुकलं. त्या पट्टीनं कापलं ते सारंच चुकलं असंन.”

“चौदा जणांचं.”

ते हाताचा पंजा उलटसुलट करून पाहत राहिले. “पट्टी कोनं भरली?”

“मी.”

“बाई, तुमी सांगतलं नसतं त आमाले कळलं असतं का?”

“नाही.”

“मंग सांगतलं काहून?”

ते उठले. मला वाटलं, आता बायकोला घेऊन जातील. पण ते म्हणाले, “तिले मी नाही सांगत. तुमीच सांगा. आंग तिचं हाय.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी नवऱ्याला सांगून मोकळी होणार होते.

पुष्पलताबाई वऱ्हांड्यात बसल्या होत्या. त्यांना सांगितलं. पोटात जळजळ वाढू शकते, शौचाला पाण्यासारखं होऊ शकतं, तसं झालं तर त्याच दिवशी सांगायचं, राहिलेला शेक कमी करून हिशेब बरोबर केला आहे, असं सगळं. त्यांनी पदर तोंडाशी धरून ऐकलं आणि एकच विचारलं, दिवस वाढतीन का? मी नाही म्हटलं. आत जायची वेळ झाली तेव्हा त्या टेबलाशी पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या. टेक्निशियन घाई करून राहिला होता, मी त्याला थांबवलं. मग आपणहून झोपल्या.

शनिवार, ५ एप्रिल

एकसष्टावा तुकडा मी काढून टाकला. तारखेचं काम करणारा नवा तुकडा स्वतः लिहिला, आपल्या पद्धतीने, आधी दिवस. दिवस एकतीसच्या वर दिला तर तो थांबतो आणि विचारतो. महिना शब्दांत लिहायला लावतो, जानेवारी, फेब्रुवारी. विश्वनाथ हसला, एवढं कशाला मॅडम? मी त्याला केसपेपर दाखवले नाहीत. दाखवायला हवे होते.

मुंबईहून मीटर आलं. पाण्याच्या टाकीत बुडवून कोबाल्टची ताकद मोजली. प्रोग्रॅम आणि मोजमाप यांत शेकडा अर्ध्याचा फरक. यमुताई शेजारी उभ्या होत्या. काटा मी वाचला, मग टेक्निशियनने वाचला, मग सरांना बोलावून त्यांना वाचायला लावला.

तरीही दोन महिने प्रत्येक कागद दोन्ही पद्धतींनी करायचा असं ठरलं आहे. म्हणजे रांग पुन्हा वाढणार. पेपरात काही आलं नाही. पण ज्याने वडिलांना नेलं तो मुलगाही आला नाही. दोनदा पोस्टकार्ड टाकलं. त्या माणसाचे एकोणीस शेक राहिले आहेत. सर त्याबद्दल एक शब्द बोलत नाहीत, आणि मी रोज त्या घराचा विचार करते.

मंगळवार, १५ एप्रिल

यमुताईंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन काल झालं. संध्याकाळी भेटून आले. पट्टी बांधून पडल्या होत्या. मी एकोणीस मार्चला जे बोलले त्याची माफी मागितली. त्या म्हणाल्या, तू रागावलीस, पण दुसऱ्या दिवशी सातला आलीस ना. मीच दोन वर्षं गेले नाही डॉक्टरकडे, असंही म्हणाल्या. मग विचारलं, आज किती कागद झाले? मी म्हटलं तीन. “कमी आहेत,” म्हणाल्या.

त्या परत कामावर येतील का, सरांनी ठरवलेलं नाही. त्यांनी स्वतः ठरवलं आहे, असं मला वाटतं.

मंगळवार, २२ एप्रिल

पुष्पलताबाईंचा आज पंचविसावा शेक. मधे आठ दिवस पोटाचा त्रास झाला, औषधाने आवरला. तो तसाही होतो की माझ्यामुळे झाला, हे कोणीच सांगू शकत नाही. मी केसपेपरवर तसंच लिहिलं.

निघताना त्या म्हणाल्या, ते मशीन पाह्याचं होतं. नत्थूजी बाहेर थांबले. मी त्यांना एसीच्या खोलीत नेलं. चपला बाहेर काढून आल्या, पदर घट्ट ओढून घेतला आणि थोड्या दुरूनच पाहत राहिल्या.

“हे चुकलं होतं का तुमी?”

“मी.”

“आता?”

“आता ते वेगळं गणित करतं आणि मी वेगळं. दोन्ही जुळलं तरच शेक.”

“नाही जुळलं त?”

“तर जुळेपर्यंत नाही.”

त्यांनी मान हलवली. मी त्यांना बाहेर सोडायला आले. वऱ्हांड्यातल्या बाकड्यावर आज पहिल्यांदा आलेली एक बाई बसली होती, पिशवी छातीशी धरून, केव्हाही उठून जाईल अशी. तिचा कागद माझ्या हातात होता. मी तिच्याशी काय बोलावं ते ठरवत होते, तेवढ्यात पुष्पलताबाई तिच्याजवळ जाऊन टेकल्या आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“जाय वं,” म्हणाल्या, “भेऊ नोको. इथं चुकलं त सांगतेत.”